‘एक झाड’ आणि ‘हे झाड’ : तेओदोर रूसोची ओकवृक्षांची चित्रे

आमच्या शाळेत चित्रकलेचे स्वतंत्र शिक्षक नाहीत. त्यामुळे भाषेच्या तासांबरोबर चित्रकलेचा तासही आमच्याच वाट्याला येतो. एलिमेंटरीच्या परीक्षेची तयारी म्हणून आम्ही मुलांना स्मरणचित्रे काढायला देतो. विषय कोणताही असो, बाजार असो, ईदगाह असो की बसथांबा, चित्रात एक झाड येतेच. आणि चाळीस वह्यांत ते एकच असते. दोन उभ्या तपकिरी रेषा, वर हिरवा ढग, ढगात चार लाल ठिपके. एकदा आम्ही एका मुलाला विचारले, "हे कशाचे झाड?" तो गोंधळला आणि म्हणाला, "सर, झाड है ना!"

त्याचे काही चुकले नव्हते. आपण मोठी माणसेही झाडाकडे याहून वेगळे कुठे पाहतो? झाड म्हणजे सावली, झाड म्हणजे फळ, झाड म्हणजे लाकूड, आणि रस्ता रुंद करायचा असेल तर झाड म्हणजे अडथळा. ‘झाड’ आपल्याला दिसते, ‘हे झाड’ सहसा दिसत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्समध्ये एका चित्रकाराने या एका ‘हे’पायी आपले आयुष्य खर्ची घातले. त्याचे नाव तेओदोर रूसो. ‘सामाजिक करार’ लिहिणारा तत्त्वज्ञ ज्याँ-जाक रूसो तो वेगळा. आमचा रूसो १८१२ साली पॅरिसमध्ये जन्मला, १८६७ साली बार्बिझाँ नावाच्या खेड्यात वारला आणि या दोहोंच्या मधल्या काळात त्याने जुन्या ओकवृक्षांची व्यक्तिचित्रे काढली. ‘व्यक्तिचित्रे’ हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरतो आहोत. हा लेख त्या शब्दाचा खुलासा आहे.

आरंभीच एक कबुली द्यायला हवी. ही चित्रे आम्ही भिंतीवर टांगलेली पाहिलेली नाहीत. पॅरिस, न्यूयॉर्क आणि हेग ही शहरे आमच्यासारख्या मास्तराच्या प्रवासात बसत नाहीत. वाचनालयातल्या एका जाडजूड चित्रसंग्रहात प्रथम ती भेटली, पुढे संग्रहालयांनी सर्वांसाठी खुल्या केलेल्या मोठ्या प्रतिमांतून ती बारकाईने पाहता आली. रंगाच्या थराची जाडी, कॅनव्हासचा आवाका, समोर उभे राहिल्यावरची धडधड यांबद्दल आम्ही बोलणार नाही. रचनेबद्दल, विषयाबद्दल आणि त्यामागच्या नजरेबद्दल मात्र बोलता येईल, असे वाटते.

रूसो एका शिंप्याचा मुलगा. लहानपणी तो वडिलांच्या एका परिचितासोबत ज्युरा पर्वताच्या भागात काही काळ राहिला होता. त्या गृहस्थांचा तेथे लाकूड कापण्याच्या गिरण्यांचा धंदा होता. झाडाची पहिली जवळून ओळख झाली ती अशी, करवतीच्या बाजूने! झाडाची फळी कशी होते हे ज्याने कोवळ्या वयात पाहिले, त्यानेच पुढे उभ्या झाडाची बाजू घेतली. या योगायोगातून फार मोठा अर्थ काढण्याचा मोह आम्ही टाळतो. पण नोंद करून ठेवतो, कारण रूसोच्या झाडांना वजन आहे, रेषा आहेत, आतले लाकूड आहे. ती पानांचे गुच्छ नाहीत.

पॅरिसला परतल्यावर तो ज्यांच्याकडे शिकला, त्यांत रेमाँ हे निसर्गचित्रकार होते. निसर्गचित्राची त्या वेळची सरकारी कल्पना समजून घेतल्याशिवाय रूसोचे बंड कळणार नाही. कला-अकादमीच्या लेखी निसर्गचित्र हा खालच्या पायरीचा प्रकार होता. त्याला वर चढायचे असेल तर त्यात पुराणातली किंवा इतिहासातली एखादी कथा हवी. झाडे, डोंगर, ओढे हे त्या कथेचे नेपथ्य. १८१७ साली अकादमीने अशा ‘ऐतिहासिक निसर्गचित्रा’साठी रोमची शिष्यवृत्ती सुरू केली. आमचे गुरू रेमाँ यांनी ती १८२१ मध्ये मिळवली होती. या स्पर्धेच्या एका टप्प्यात उमेदवाराला एक झाड रंगवावे लागे, आणि तेही समोर पाहून नव्हे, आठवणीने. म्हणजे आमच्या मुलांचे स्मरणचित्रच की!

त्या झाडाला आणि आमच्या मुलांच्या झाडाला एकाच मापाने मोजणे बरोबर नाही, हे आम्हाला मान्य आहे. अकादमीचा उमेदवार ओक आणि एल्म यांतला फरक जाणत होता. साल, फांद्यांची ठेवण, पानांचा झुपका यांचा त्याने अभ्यास केलेला असे. पण त्याच्याकडून मागितला जाई तो ‘ओक कसा असावा’ याचा नमुना. जातीतले सर्वोत्तम, निर्दोष झाड. मोडलेली फांदी, वीज पडून जळालेला शेंडा, पोटातली ढोली, वाऱ्याने कायमचे एका अंगाला झुकलेले खोड, या सगळ्या गोष्टी त्या नमुन्यातून गाळल्या जात. नेमके याच गाळलेल्या गोष्टींनी झाडाला चेहरा येतो. रूसो तिकडे वळला.

त्याची किंमत त्याला मोजावी लागली. पॅरिसचे वार्षिक प्रदर्शन, ज्याला ‘सालाँ’ म्हणत, हा त्या काळी चित्रकाराच्या भाकरीचा दरवाजा होता. १८३६ साली रूसोने ज्युरा पर्वतातून उतरणाऱ्या गाईंच्या कळपाचे मोठे चित्र पाठवले, ते परीक्षकांनी परत केले. पुढेही असेच होत राहिले. १८४१ मध्ये चेस्टनट वृक्षांच्या दुतर्फा रांगेचे चित्र नाकारले गेल्यावर त्याने चित्रे पाठवणेच थांबवले. लोक त्याला ‘नाकारलेला थोर’ म्हणू लागले. १८४८ च्या क्रांतीने परीक्षक मंडळ उठवले, तेव्हा कुठे दार उघडले. १८४९ साली त्याला पहिल्या दर्जाचे पदक मिळाले. १८५५ च्या पॅरिस जागतिक प्रदर्शनात त्याची चित्रे मानाने लागली, आणि १८६७ च्या प्रदर्शनात तर चित्रकलेच्या परीक्षक मंडळाचा तो अध्यक्षच होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तो गेला. नाकारलेल्याला परीक्षकाच्या खुर्चीवर बसायला मिळाले, पण बसायला वेळ थोडाच उरला होता.

या वनवासाच्या काळात त्याला आधार दिला तो खऱ्याखुऱ्या वनाने. पॅरिसच्या आग्नेयेला सुमारे साठ किलोमीटरवर फाँतेन्ब्लोचे जंगल आहे. फ्रान्सच्या राजांचे हे शिकारीचे रान. जमीन वाळूची, मध्येच वाळूखडकाचे प्रचंड धोंडे, आणि त्यांच्या आजूबाजूला शेकडो वर्षांचे ओक. जंगलाच्या काठावर बार्बिझाँ हे छोटेसे खेडे. तिथल्या गान दांपत्याच्या खाणावळीत चित्रकार मुक्काम करत आणि तिच्या भिंती नि कपाटेसुद्धा रंगवून ठेवत. कोरो, दियाझ, मिये अशी मंडळी या परिसरात काम करत होती. ‘बार्बिझाँ संप्रदाय’ हे नाव त्यांना पुढे मिळाले. बहुतेक जण येत, चित्रे काढत आणि परत जात. रूसोने तिथे घर केले आणि शेवटपर्यंत ठेवले.

आता त्याच्या चित्राकडे येऊ. लूव्र संग्रहालयात असलेले ‘आप्रमाँ येथील ओकांचा समूह’ हे चित्र १८५२ सालचे. आकाराने फार मोठे नाही, एक मीटरभर रुंद आणि उंची त्याहून बरीच कमी. मधोमध मोकळ्या माळावर ओकांचा एक जथा उभा आहे. दुपारची वेळ. सावली लांब पसरलेली नाही, झाडांच्या पायाशी गोळा झालेली आहे. गुरे चरत आहेत, सोबत एक छोटीशी मनुष्याकृती. बस्स, एवढेच. कथा नाही, देव नाहीत, पडके देऊळ नाही, वादळसुद्धा नाही.

पहिल्यांदा पाहताना चित्र सपक वाटते, हे आम्ही लपवत नाही. आम्हालाही वाटले होते. दुसऱ्यांदा पाहिले आणि ध्यानात आले की यातली झाडे एकमेकांसारखी नाहीत. दुरून हिरव्या डोंगरासारखा दिसणारा तो जथा जवळ गेल्यावर सुटा होतो. एकाचा घेर भरदार, एकाच्या फांद्यांतून आभाळ दिसते, एक शेजाऱ्याला जागा देऊन वाढलेले. कुटुंबाचा जुना फोटो पाहावा तसे हे आहे. फोटोत सगळे एका रांगेत, एकाच उजेडात, पण कोण कोणाच्या खांद्याला टेकले आहे आणि कोण अंतर राखून उभे आहे, त्यातून घराची गोष्ट कळते. वर्षानुवर्षे एकत्र वाढलेल्या झाडांची अशी सोयरीक रूसोने दुपारच्या सरळ उजेडात मांडली आहे. या उजेडात लपवायला जागा नसते. संध्याकाळचा तांबूस प्रकाश कोणत्याही झाडाला सुंदर करतो. दुपारी मात्र झाडाला स्वतःच्या बळावर उभे राहावे लागते.

मनुष्याकृती लहान का, हाही प्रश्न येतो. अकादमीच्या चित्रात माणूस नायक आणि झाड सेवक. येथे माणूस आहे, पण त्याच्या वाट्याला गुरांइतकीच जागा आली आहे. चित्रकाराने त्याला हाकलले नाही, मोठेही केले नाही. ओकांच्या शेकडो वर्षांपुढे माणसाच्या साठ-सत्तर वर्षांचा जो हिशेब बसतो, तोच या आकारांतून बसवला आहे.

या प्रकारच्या चित्रांवर एक आक्षेप त्या काळीच घेतला गेला, आणि तो घेणारा कोणी साधासुधा नव्हता. कवी शार्ल बोदलेर आरंभी रूसोचा चाहता होता. पण १८५९ च्या सालाँवर लिहिताना त्याने तक्रार केली की निसर्गावरच्या आंधळ्या प्रेमापायी रूसो साध्या अभ्यासचित्रालाच पूर्ण रचना समजतो. आक्षेपाचा गाभा असा : जे समोर आहे ते इमानाने उतरवणे ही तयारी झाली, कला तिच्यानंतर सुरू होते, कलावंताची कल्पना कुठे आहे?

या आक्षेपात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. रूसोची काही चित्रे खरोखरच तपशिलांत गुदमरतात. एकेका चित्रावर तो वर्षानुवर्षे हात फिरवत राही. ‘बेकीन्यी गाव’ या चित्राच्या आकाशाची कथा प्रसिद्ध आहे. जपानी छापचित्रे पाहून भारावल्यावर त्याने ते आकाश निळेशार करून टाकले आणि नंतर पुन्हा पालटले. त्यातच त्याने वापरलेल्या डांबरयुक्त तपकिरी रंगाने घात केला. काळाबरोबर तो रंग काळवंडतो आणि तडकतो. १८३६ चे ते गाईंच्या कळपाचे चित्र आज हेगमध्ये आहे, पण त्याचा मोठा भाग अंधारात बुडाला आहे. झाडाच्या दीर्घायुष्याचा हा भाष्यकार स्वतःच्या रंगांचे आयुष्य जोखायला चुकला, असे म्हणावे लागते.

पण आक्षेपाचा मुख्य भाग आम्हाला पटत नाही. बोदलेर ज्याला ‘केवळ अभ्यास’ म्हणतो, त्यातच रूसोची कल्पना आहे. एका झाडाला दुसऱ्यापासून वेगळे ओळखणे हे काम डोळ्यांचे आहे, तितकेच मनाचेही आहे. चाळीस मुलांच्या वर्गात पहिल्या दिवशी मास्तराला चाळीस गणवेश दिसतात. महिन्याभराने चाळीस चेहरे दिसू लागतात. मुले तीच असतात, मधल्या काळात मास्तराच्या मनात काही घडलेले असते. ते जे घडते त्याला कल्पनाशक्ती म्हणायचे नाही, तर काय म्हणायचे? रूसोचा मित्र आणि चरित्रकार अल्फ्रेद सांसिए याने लिहून ठेवले आहे की झाडांना वाणी आहे आणि आपण ती ऐकतो, अशी रूसोची श्रद्धा होती. कोणी याला वेड म्हणेल. आमच्या मते ही त्याच्या चित्रकलेची पद्धत होती.

आणि या पद्धतीचा एक परिणाम असा झाला, की ती चित्राच्या चौकटीत राहिली नाही. ज्याचा चेहरा ओळखीचा झाला, त्याच्या मरणाकडे काणाडोळा करता येत नाही. १८४७ च्या सुमारास रूसोने सीन नदीतल्या क्रुआसी बेटावर चाललेली झाडतोड रंगवायला घेतली. ते चित्र अपुरेच राहिले. आज तेही हेगच्या मेसदाख संग्रहात आहे. त्याने त्याला नाव दिले : ‘निरपराधांचे हत्याकांड’. हे नाव बायबलमधले आहे. नवजात येशूच्या धास्तीने हेरोद राजाने बेथलेहेममधली तान्ही बाळे मारवली, तो प्रसंग. युरोपातल्या अनेक मोठ्या चित्रकारांनी तो रंगवला होता. त्यामुळे हे नाव ऐकताच प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे तलवारी आणि आक्रोश करणाऱ्या माता येणार. समोर चित्रात मात्र मजूर आणि पडणारी झाडे. अकादमीला निसर्गचित्रात कथा हवी होती ना? ही घ्या कथा, असेच जणू रूसो म्हणतो आहे. यातला बारकावा असा की त्याने राजा रंगवला नाही. मजूर पोटासाठी कुऱ्हाड चालवत आहेत. हुकूम देणारा चित्राबाहेर आहे.

फाँतेन्ब्लोच्या जंगलातही असाच हुकूम चालू होता. १८३० नंतरच्या काळात वनखात्याने जुने ओक तोडून झपाट्याने वाढणाऱ्या पाइनची मोठी लागवड सुरू केली. वनखात्याचा हिशेब सरळ होता. चारशे वर्षांचा ओक आतून पोकळ होतो, त्याची फळी निघत नाही, तो जागा अडवतो. पाइन लवकर तयार होतो. चित्रकार मंडळी रात्री जाऊन पाइनची रोपे उपटत, असे किस्से सांगितले जातात. रूसोने वेगळा मार्ग धरला. १८५२ साली त्याने सांसिएच्या मदतीने सत्ताधीश लुई-नेपोलियनकडे अर्ज केला. हाच लुई-नेपोलियन त्या वर्षाअखेर सम्राट तिसरा नेपोलियन झाला. अर्जाचा मुद्दा थोडक्यात असा, की इतर कलावंत थोर गुरूंच्या कृती समोर ठेवून शिकतात, तसे निसर्ग अभ्यासणाऱ्यांसाठी हे जंगल आहे. ते राखले पाहिजे. १८५३ मध्ये सहाशे चोवीस हेक्टर जंगल तोडीतून वगळण्यात आले. १८६१ च्या शाही फर्मानाने हे क्षेत्र एक हजार सत्त्याण्णव हेक्टर झाले आणि त्याला ‘कला-विभाग’ असे नाव मिळाले. अमेरिकेतले यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान १८७२ चे, म्हणजे त्यानंतर अकरा वर्षांनी. जुनी झाडे जुनी म्हणून सरकारने राखावीत, याचे हे जगातल्या अगदी पहिल्या उदाहरणांपैकी एक आहे.

येथे टाळ्या वाजवून थांबणे सोपे आहे, पण समीक्षकाने थोडे पुढे जायला हवे. जंगल राखले ते कोणासाठी? ‘कला-विभाग’ या नावातच उत्तर आहे : चित्रकारांसाठी आणि पॅरिसहून येणाऱ्या हौशी लोकांसाठी. १८४९ साली रेल्वे आल्यावर अशांची संख्या वाढतच गेली. याच जंगलाच्या काठी राहणाऱ्या गरिबांचे काय? १८२७ च्या वनसंहितेने फ्रान्सभर गावकऱ्यांच्या चराईच्या आणि सरपणाच्या जुन्या हक्कांवर मर्यादा आणल्या होत्या. ज्याच्या घरात चूल पेटायची आहे, त्याला झाडाचे सौंदर्य सांगणाऱ्या माणसाबद्दल आम्हाला नेहमीच थोडी शंका वाटते. रूसोबद्दलही ती होती.

तिचे उत्तर आम्हाला त्याच्या एका चित्रात मिळाले. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातले ‘हिवाळ्यातले जंगल, सूर्यास्त’ हे चित्र अडीच मीटरांहून जास्त रुंद आहे. १८४६ च्या सुमारास सुरू केलेले हे काम त्याने मरेपर्यंत, म्हणजे वीस वर्षे, सोडले नाही आणि विकलेही नाही. त्याला ते स्वतःचे सर्वांत मोठे काम वाटे. पाने गळालेली. प्रचंड ओकांच्या फांद्या एकमेकींत गुंतून सगळ्या आभाळाची जाळी झालेली. त्या जाळीपलीकडे मावळता सूर्य. डोळे त्या उजेडाकडे ओढले जातात आणि मग फार वेळाने, अगदी खाली, लहान लहान आकृती दिसतात : काटक्यांच्या मोळ्या पाठीवर घेऊन वाकून चाललेल्या बायका.

या बायकांचे आणि ओकांचे भांडण नाही. त्या नेतात ती वाळलेली, गळून पडलेली लाकडे. म्हातारे झाड दर हिवाळ्यात काही काटक्या टाकते, त्यांवर खालच्या वस्तीतली एखादी चूल पेटते. तरण्याताठ्या पाइनच्या सरळ रांगेत ही सोय नाही. तिथे प्रत्येक खोडाचा हिशेब वहीत लिहिलेला असतो. वनखाते ज्या ओकाला ‘निरुपयोगी’ म्हणत होते, तो कोणाला निरुपयोगी होता? लाकडाच्या व्यापाराला. मोळीवालीला नव्हे, पोकळीत घर करणाऱ्या घुबडाला नव्हे, चित्रकारालाही नव्हे. रूसोने हे अर्जात लिहिले नाही, अर्जात त्याने कलावंतांची बाजू मांडली. पण जे चित्र त्याने वीस वर्षे जवळ ठेवले, त्यात ही गोष्ट आहे. आमच्या मते ते चित्र त्या अर्जापेक्षा मोठे आहे.

पुढचा इतिहासही याच बाजूने बोलतो. कलावंत बदलले, आवडी बदलल्या. १८६५ साली तरुण मोने याच जंगलात आला आणि त्याने एक ओक रंगवला. त्या ओकाला ‘बोदमेर ओक’ म्हणत, कारण कार्ल बोदमेर या चित्रकाराने तो आधी रंगवला होता. झाडाला ते रंगवणाऱ्याचे नाव मिळावे, ही ओळखीची केवढी पावती! पण मोनेचे लक्ष पानांतून गळणाऱ्या उन्हाकडे होते. थोड्याच वर्षांत चित्रकला झाडापासून प्रकाशाकडे निघून गेली. १९६७ साली ‘कला-विभाग’ ही व्यवस्थाही मोडीत निघाली. जुनी झाडे मात्र वाऱ्यावर सोडली गेली नाहीत, कारण तोवर दुसरे कारण सापडले होते. १९५३ पासून जंगलाचे काही भाग जैविक राखीव क्षेत्र म्हणून राखले जात होते. मेलेले, पोकळ, कुजणारे लाकूड कितीतरी कीटकांचे, बुरशीचे, पाखरांचे घर असते, हे शास्त्राने सिद्ध केले. निसर्ग संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची स्थापनाही १९४८ साली फाँतेन्ब्लोलाच झाली. २०२४ मध्ये पॅरिसच्या पती पालेत रूसोचे मोठे प्रदर्शन भरले, त्यातही चित्रकारासोबत जंगलाचा हा राखणदार पुढे ठेवला होता. शास्त्रज्ञाने जे मोजून सांगितले, ते चित्रकाराने त्याआधी शंभर वर्षे पाहून ठेवले होते. म्हाताऱ्या झाडातली ढोली हा दोष नाही, ते त्याचे कर्तृत्व आहे.

हे वाक्य लिहिताना आमचा हात थोडा अडखळला. कारण सांगून टाकतो. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या आवारात एक जुनी चिंच होती. किती जुनी, ते कोणालाच ठाऊक नव्हते. कुंपणाची भिंत बांधायची ठरली आणि चिंच मध्ये आली. झाड तोडायला परवानगी लागते, अर्ज मराठीत करावा लागतो. उर्दू शाळेत मराठी अर्जाचे काम ज्याचे मराठी बरे त्याच्याकडे येते. म्हणून तो अर्ज आम्हीच लिहिला, अक्षर घोटून लिहिला. झाडाचा प्रकार : चिंच. संख्या : एक. स्थिती : पोकळ, धोकादायक. पोकळ ती होती. धोकादायक होती की नव्हती, हे आम्ही पाहिले नव्हते. तो शब्द अर्जात शोभतो म्हणून लिहिला. परवानगी मिळाली. एका रविवारी झाड गेले.

त्या चिंचेचे चित्र आमच्याकडे नाही. किती मुलांनी तिच्या ढोलीत पेन्सिली लपवल्या, मधल्या सुट्टीत तिच्याखाली कोण बसायचे, तिची कोणती फांदी भिंतीबाहेर गेली होती, हे आम्ही आठवायला बसतो तेव्हा डोळ्यांपुढे दोन उभ्या रेषा आणि एक हिरवा ढगच येतो. आमच्याच विद्यार्थ्यांचे स्मरणचित्र. २०२१ साली आपल्या राज्यातल्या वृक्षसंरक्षण कायद्यात दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांवरच्या झाडांना ‘प्राचीन वृक्ष’ अशी ओळख मिळाली. चांगले झाले. पण कायदा वय मोजतो, आणि वय मोजायलाही आधी कोणीतरी त्या झाडाजवळ जाऊन उभे राहावे लागते. अर्जातल्या ‘संख्या : एक’ या रकान्यात ते मावत नाही.

रूसोचे मोठेपण आमच्या लेखी इथे आहे. तो सर्वश्रेष्ठ रंगकार नव्हता. त्याची अनेक चित्रे काळाने काळी केली. रचनेच्या धाडसात पुढच्या पिढीने त्याला मागे टाकले. त्याने केले ते एवढेच की ‘संख्या : एक’ असे लिहिण्याच्या जागी त्याने चेहरा लिहिला. एकदा चेहरा लिहिला गेला की कुऱ्हाडीला उत्तर द्यावे लागते. प्रत्येक वेळी झाड वाचते असे नाही. क्रुआसी बेटावरची झाडे वाचली नाहीत. पण ती निमूटपणे गेली नाहीत, एवढे तरी झाले.

यंदा स्मरणचित्राच्या सरावाआधी आम्ही मुलांना वह्यांसकट फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली नेऊन बसवले. नमुना काढू नका, हेच झाड काढा, असे सांगितले. बराच वेळ कोणीच पेन्सिल टेकवली नाही. मग एकाने खोडाकडे बोट दाखवून विचारले, "सर, ये सुराख भी बनाना क्या?"

आम्ही म्हटले, "आधी तेच काढ."